गांधाराचे दोन ठिपके

पावसात मामा छत्री उघडीत, ती स्वतःसाठी नव्हे. आपल्या आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली गिटार काखेत, तिच्यावर छत्री, आणि छत्रीच्या बाहेर उरलेले ते स्वतः, अशी ती स्वारी आमच्या गल्लीत शिरे. धोतर पोटऱ्यांना चिकटलेलं, चष्म्यावर थेंब, आणि लुगड्याचा काठ मात्र कोरडा. माझ्या आईने एकदा त्याबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी वाळेन हो अक्का. लाकूडही वाळतं, पण ते मनात ठेवतं."

ते आमच्या नात्यातले नव्हते. तंजावरच्या दरबाराभोवती वाढलेल्या आणि दरबार मोडल्यावर कावेरीकाठच्या गावांत विखुरलेल्या मराठी घरांपैकी एक त्यांचं, एक आमचं. एवढ्या नात्यावर मी त्यांना मामा म्हणे. बाहेर सारं गाव त्यांना तमिळ रीतीने 'गिटार रायर' म्हणे. आपले पणजोबा दरबारात नगारा वाजवीत, असं ते सांगत. कंपनी सरकारने राज्य खालसा केलं, नगारा सरकारजमा झाला, आणि पणजोबा घरी येऊन पाटावर बसले ते पान वाढेपर्यंत मांडीवरच संध्याकाळची नौबत वाजवीत राहिले. "राज्य गेलं," मामा म्हणत, "मांडी राहिली." आणि पुरावा म्हणून स्वतःच्या मांडीवर चार मात्रा वाजवून दाखवीत.

मामा स्टेशनातल्या पार्सल कचेरीत कारकून होते. त्यांच्या हातांना नेहमी दोन वास येत, गोणपाटाचा आणि कोवळ्या विड्याच्या पानांचा. कारण आमच्या कुंभकोणाची पानं टोपल्या भरभरून त्यांच्याच डोळ्यांसमोरून मद्रासेला जात. गिटार त्यांना मिळाली ती एका अँग्लो-इंडियन गार्डाकडून. पापनाशम्‌ला गाडी अडकून पडली की तो गार्ड आपल्या डब्याच्या दारात बसून ती छेडीत असे. बदली झाली तेव्हा त्याने ती मामांना दिली आणि तिच्या बदल्यात महाळुंगाच्या लोणच्याची एक बरणी नेली. आपण त्या भल्या माणसाला फसवलं, असं मामांना पुढे कायम वाटत राहिलं. लोणचं उघडल्यावर गार्डाला बहुधा नेमकं तसंच वाटलं असावं.

भांड्यांच्या बाजारातून त्यांना नेणं हे धाडसाचं काम होतं. दुकानाच्या पायरीवर पितळेचे तांबे उन्हात रचलेले असत, आणि मामा एकेकावर नखाने टिचकी मारीत पुढे सरकत. दुकानदार भाव सांगे, हे स्वर सांगत. एक तांब्या त्यांनी रिषभाचा ठरवला आणि दुकानदाराला बजावलं, की हा आंघोळीसाठी कोणाला विकू नका, याचा स्वभाव दह्याचा आहे. आईने एकदा त्यांच्यावर भरवसा ठेवून नवी कळशी आणायला सांगितली. त्यांनी अर्धा बाजार वाजवून पाहिला आणि एक आणली. तिला बुडाशी भोक होतं. पण तिचा पंचम निर्दोष होता. ती कळशी आम्ही पुढे कित्येक वर्षं तुळशीवर टांगली. थेंब थेंब पाणी गळे, आणि मामा येता-जाता तिला हळूच टिचकी मारून तिची विचारपूस करीत.

शनिवार हा त्यांचा खरा वार. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. उरलेले सहा दिवस ते शनिवारची वाट पाहण्याचं काम करीत आणि मधल्या वेळेत पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवीत. शनिवारी दुपारचं ऊन कलंडलं की आमच्या तिण्णैवर बैठक बसे. तिण्णै म्हणजे दारापुढचा ओटा. आमच्याकडचा घोटून घोटून काळाभोर झालेला, पाय टेकताच गारवा देणारा. वडील व्हायोलिन घेऊन भिंतीशी बसत. मेलकावेरीहून एक भांडीवाले येत, ते मृदंग वाजवीत. आडव्या अंगाचे, मंद हालचालींचे, आणि जिभेने मृदंगापेक्षा जलद. तिसरे मामा. कार्यक्रम नसे, श्रोते नसत, आज काय वाजवायचं हेही ठरलेलं नसे. कोणीतरी एक ओळ टाके, दुसरा ती उचले, तिसरा तिला वळण देई, आणि दिवे लागेपर्यंत ती ओळ या मांडीवरून त्या मांडीवर लहान मुलासारखी फिरत राही. आम्ही बायका दाराआड. मी चौदा वर्षांची. विड्याच्या पानांचे देठ खुडायचं काम माझं. देठ मोडल्याचा तो हिरवा, तिखट वास आणि व्हायोलिनच्या राळेचा वास यांनी माझा शनिवार बनलेला होता.

बैठकीत कसं वाजवावं याबद्दल मामांचा एकच उपदेश असे: आधी ऐकावं, मग वाजवावं, आणि शंका आली तर नुसतंच ऐकावं. हा उपदेश ते स्वतः फार काटेकोरपणे पाळीत. कधी कधी पाऊण तास गिटार मांडीवर ठेवून ते फक्त भुवया हलवीत. मग एकदम, जिथे कोणाच्या ध्यानीमनी नसे अशा जागी, खालच्या जाड तारेवर एकच स्वर सोडीत. तो ओट्याच्या दगडातून माझ्या तळपायांपर्यंत येई. मृदंगवाले म्हणत, "रायरे, हा स्वर स्टेशनातून सोडला होता काय? आत्ता पोचला." मामांना ते आवडे. उशिरा येणाऱ्या गोष्टींबद्दल त्यांना धंद्याने आलेली ममता होती.

या तिण्णैचं एक न्यायालयही होतं. दर विजयादशमीला साक्कोट्टैहून एक वृद्ध भागवतर, म्हणजे गवई, येत. नवमीला आमच्याकडे पुस्तकं आणि वाद्यं सरस्वतीपुढे मांडून ठेवायची रीत. मग दशमीच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत कोणी अक्षर वाचायचं नाही की तार छेडायची नाही. पूजा झाली की भागवतर गात आणि बाकीचे साथ करीत, आणि तिण्णैचं नवं वर्ष सुरू होई. त्यांचा आवाज जुन्या तुपासारखा होता, रवाळ आणि उग्र. कोणी चुकलं की ते रागावत नसत, गायचे थांबत. ते फार वाईट असे.

मामांची गिटार त्यांनी पहिल्यांदा ऐकली त्या वर्षी ते असेच थांबले. गिटारीच्या मानेवर पडदे पक्के बसवलेले. बोट दाबावं तर स्वर ठरल्या जागी उभा राहतो, दोन पडद्यांमधल्या अंगणात त्याला उतरता येत नाही. आणि आमच्या रागांचा तर सारा संसार त्या मधल्या अंगणातला. भागवतरांनी निकाल दिला तो शांतपणे: या लाकडी पेटीच्या स्वरांना पायऱ्या आहेत, उतार नाही. पुढच्या विजयादशमीला पुन्हा ऐकेन. तेव्हाही असंच असेल तर हिने या तिण्णैवर बसू नये. वडिलांनी मान खाली घातली. भागवतरांचा शब्द आमच्या घरात कोणी मोडीत नसे, आणि गिटारीखेरीज मामांना दुसरं काही वाजवता येत नसे. म्हणजे पेटी गेली की शनिवार गेला.

ते वर्ष मामांनी गिटारीच्या मानेवर काढलं. वरच्या दोन बारीक तारा त्यांनी काढूनच टाकल्या. त्या फार बोलतात, म्हणाले. मग पक्कड घेऊन एकेक पडदा उपटला, आणि दर पडद्याला तोंडाने 'क्षमा' म्हटलं. खाचांत लाख भरली, मान घासून घासून नागाच्या पाठीसारखी गुळगुळीत केली. आता बोट हवं तिथे घसरू लागलं. पण हवं तिथे थांबेना. वडील म्हणाले, व्हायोलिनला तरी कुठे खुणा असतात, कानाने वाजवा. मामा म्हणाले, माझे कान म्हातारे आहेत, डोळ्यांनी त्यांना हात धरून न्यावं. तेव्हा त्यांनी तिळाच्या तेलात कुंकू कालवलं, काडीने मानेवर एकेका स्वराच्या जागी ठिपका दिला, आणि रोज कामावरून परतल्यावर ते बारा ठिपके पाहत पाहत सराव केला. हे सारं ते स्वतःच्या घरी करीत. आम्हांला फक्त शनिवारी फरक ऐकू येई: पायऱ्या विरघळू लागल्या होत्या. मृदंगवाल्यांनी त्या वर्षी थट्टाही जरा जपून केली.

नवमीच्या दुपारी मामा गिटार पूजेसाठी ठेवून गेले. वाद्यं पुसून त्यांना गंध-कुंकू लावायचं काम त्या वर्षी पहिल्यांदाच आईने माझ्याकडे दिलं होतं. व्हायोलिन पुसलं, मृदंगाच्या वाद्या पुसल्या, तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची वर्षाची धूळ काढली. मग लुगडं सोडून गिटार घेतली. तिच्या मानेवर तेलकट लाल डाग होते, काही जवळजवळ, काही लांब, कसेतरी पडलेले. गेल्या वर्षीच्या पूजेची शिळी बोटं, असं मला वाटलं. मामांच्या घरी पुसायला कोण आहे, असंही वाटलं. मी ओलं फडकं घेतलं आणि मान चकचकीत केली. मग तिला नवं गंध लावलं. मी अंगणात रोज कोलमची रांगोळी घालणारी मुलगी. पिठाचे ठिपके डोळे मिटून सारख्या अंतरावर टाकणारा माझा हात. मानेच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत मी एका ओळीत, बोटाबोटाच्या अंतराने अकरा ठिपके दिले. बारा दिले असते तर शेवटचा कडेला आला असता. अकरा फार शोभून दिसले.

आरतीला मामा आले ते उंबऱ्यातच थांबले. समयांच्या उजेडात गिटारीची मान झळकत होती.

"हे कोणी लावलं, बाळे?"

"मी."

"हात चांगला आहे," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आधीचे होते ते?"

मी कोपऱ्यातलं फडकं दाखवलं. त्यांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं, आणि त्याच्यावरच्या लाल फराट्याकडे पाहत म्हणाले, "वर्षभराचे स्वर आहेत ग हे. वाळले की ठेवून दे."

मग त्यांनी सारं सांगितलं. खुणा पुन्हा करायच्या तर स्वर वाजवून शोधायला हवेत. आणि उद्या पूजा होईपर्यंत तार छेडायची नाही. पूजा होताच भागवतर गायला बसणार. मी वडिलांना सांगायला निघाले, तर मामांनी हात आडवा केला. शनिवार त्यांचा होता, ते म्हणाले, त्याच्या पायी माझ्या वाट्याला बोलणी कशाला. आणि ते पूजेसमोर बसून, गिटारीला न शिवता, हवेत बोटांनी अंतरं मोजू लागले. माझ्या आत्याला वाटलं ते मंत्र म्हणताहेत. तिने त्यांना पहिला प्रसाद दिला.

दशमीला सकाळी पुन्हा पूजा झाली, वाद्यं तिण्णैवर आली, तंबोरा सुरू झाला. भागवतर पूर्वेकडे तोंड करून बसले. राखेने घासलेल्या पेल्यातून कॉफीची वाफ निघत होती. तिला त्यांनी हात लावला नाही. रागाची पहिली ओळ त्यांनी अलगद सोडली, वडिलांनी उचलली, आणि मग साऱ्यांनी गिटारीकडे पाहिलं. मामांनी डोळे मिटले होते. काही क्षण बरं चाललं. जाड तार गंभीरपणे बोलली, भागवतरांची मान किंचित हललीसुद्धा. पण वर्षाची सवय मोठी. अवघड जागा आली तसे मामांचे डोळे आपोआप उघडले, ठिपक्याकडे गेले, आणि बोट नजरेमागे गेलं. माझ्या पाचव्या, अतिशय शोभिवंत ठिपक्यावर.

तो स्वर कच्च्या कवठासारखा लागला. दात आंबले.

भागवतर थांबले. नुसता तंबोरा राहिला, आणि समोरच्या कौलावर एक कावळा.

"ओय रायर," ते तमिळमध्ये म्हणाले, "वर्षभर काय केलंत?"

"चुकलो," मामा म्हणाले. त्यांनी लुगडं जवळ ओढलं आणि गिटारीला पायाकडून गुंडाळायला सुरुवात केली, झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तशी.

बैठक चालू असता आमच्या घरातली बाई उंबरा ओलांडीत नसे. मी ओलांडला. मांडीवरचे देठ तिण्णैभर सांडले. वडिलांनी माझं नाव घेतलं ते मला ऐकू आलं, पण मी सांगून टाकलं की ठिपके मी पुसले, मानेवर आता आहेत ते स्वर नाहीत, कोलम आहे, मामा मला वाचवताहेत.

भागवतरांनी हात पुढे केला. लुगडं सोडवून त्यांनी गिटार उभी धरली आणि माझी अकरा कुंकवाची बोटं वरपासून खालपर्यंत पाहिली. "कोलम सुरेख आहे," ते म्हणाले. "गाणं असं सारख्या अंतराने चालत नाही. घाट चढताना जसं दोन पायऱ्यांत अंतर कमी होत जातं, तसं वर जाताना त्याचं होतं." मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तेल आण. कुंकू आण. काडी आण."

आणि आमच्या तिण्णैने कधी न पाहिलेली बैठक सुरू झाली. भागवतर एक स्वर लावून धरीत. मामा बोट सरकवीत त्याच्या शोधात जात. मी काडी घेऊन श्वास रोखून बसे. "खाली. केसभर वर. केस म्हटलं, दोरी नव्हे. तिथे." मी ठिपका देई. षड्ज झाला, रिषभ झाला. गांधाराशी गाडी अडली. भागवतर म्हणाले इथे, वडिलांनी व्हायोलिनवर दाखवला तो तांदळाएवढा वर, आणि मृदंगवाल्यांनी, ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, तिसरी जागा सुचवली. कॉफी निवली. स्वयंपाकघरातून वरणाचा वास आला आणि गेला. भागवतर तोच गांधार एका रागात गाऊन दाखवीत, मग दुसऱ्यात, आणि स्वतःच चकित होत, की खरंच, हा तिथे राहत नाही. त्यांचे गाल तांबूस झाले. इतका वेळ एकाच स्वराजवळ बसायची पाळी त्यांच्यावर लहानपणी गुरूंसमोर आली होती, असं ते म्हणाले. शेवटी त्यांनी काडी माझ्या हातातून घेतली आणि गांधाराला स्वतःच्या हाताने दोन ठिपके दिले, तांदळाच्या अंतरावर. पुढे निषादालाही दोन लागले. बाराचे चौदा झाले तेव्हा पंगत दोनदा मांडून दोनदा उचलली गेली होती.

मृदंगवाल्यांनी पाय पसरले. "भागवतर," ते म्हणाले, "एक शंका आहे. आता ही पेटी बेसूर लागली, तर कोणाला बोल लावायचा?"

भागवतरांनी आपल्या बोटांच्या लाल झालेल्या टोकांकडे पाहिलं.

"मला," ते म्हणाले.

वडिलांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मामा मात्र हलले नाहीत; कोणी त्यांच्या हातून काही काढून घेईल या भीतीने बसावं तसे बसून राहिले. तेव्हा भागवतरांनी गिटार उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. "ओय रायर. आज तुम्ही सुरू करा. काहीही. मी मागून येतो."

विजयादशमीला त्या तिण्णैवर गाणारा पुढे आणि वाजवणारा मागे, हाच क्रम होता. मामांनी वर्षभर उत्तर देण्याचा सराव केला होता. सुरुवात कशी करतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला. घसा साफ केला, जणू गायचं होतं. आणि मग बोटांना जे पहिलं आठवलं ते त्यांनी वाजवलं.

दाराआड आई एकदम ताठ झाली. आत्याने पदराचा बोळा तोंडात घातला. ती चाल आमच्या मराठी लग्नांतली होती. वराचा बाप जेवायला बसला, की वधूकडच्या बायका त्याच्यासमोर उभ्या राहून ती म्हणतात: व्याह्यांनी किती लाडू खाल्ले, करगोटा कसा तटकन तुटला, आणि व्याह्यांच्या आधी त्यांचं पोट मांडवात कसं पोचलं. भागवतरांना मराठी येत नव्हतं. आमच्या पंगतीला ते कधी बसले नव्हते. त्यांनी डोळे मिटले, ती चाल अलगद उचलली, आणि देवळाचा दरवाजा उघडावा तशी सावकाश, प्रत्येक वळणावर आंदोलन देत, ते ती खुलवू लागले. मृदंगवाल्यांनी तिला भारदस्त ठेका दिला. वडील व्हायोलिनवर इतके वाकले, की त्यांचं तोंड दिसेना. फक्त खांदे हलत होते. मामांचा चेहरा मात्र समईसारखा स्थिर होता. पोट मांडवात पोचतं त्या जागी भागवतरांनी विशेष भावपूर्ण हरकत घेतली, तेव्हा आत्या विहिरीकडे पळाली.

कितीतरी वेळाने त्यांनी डोळे उघडले. ते ओलावले होते.

"फार जुनी चाल दिसते," ते म्हणाले. "कोणत्या देवावर?"

मामांनी तारेवरचं बोट काढलं नाही.

"गणपतीवर," ते म्हणाले.

"वाटलंच," भागवतर म्हणाले, आणि त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून घेतली.